वाचकांचे प्रश्न : दोघांच्या भांडणात तिसरीचे कपाट

गेल्या अंकातील या सदरात आम्ही जुन्या अमेरिकन व्यंगचित्रपटांतील एका ठरावीक प्रसंगाचा ओझरता उल्लेख केला होता. एक बाई घर बदलते आहे, तिचे सामान हलवण्यासाठी एक आडदांड गडी आलेला आहे, आणि तेवढ्यात दुसरा एक जण मदतीच्या निमित्ताने दारात उभा राहतो. मग कोण जास्त ओझे उचलतो हे त्या बाईला दाखवण्याच्या नादात दोघे मिळून तिच्या संसाराची जी दैना करतात, तिच्यावर सहा-सात मिनिटांचा चित्रपट उभा राहतो. या उल्लेखावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लहानपणी पाहिलेल्या एका व्यंगचित्रपटात दोन गडी एका बाईचे सामान उचलताना झुंजतात आणि एक पियानो पुन्हा पुन्हा गाडीतून परत घरात शिरतो, असे मला स्पष्ट आठवते. घरातील मंडळी म्हणतात की तो डिस्नेचा होता. मला वाटते तो पॉपाय या खलाशाचा होता. खरे काय?

उत्तर : आपल्या आठवणीत दोन चित्रपट एकमेकांत मिसळले आहेत, आणि त्यात आपला दोष मुळीच नाही, कारण दोन्ही एकाच उन्हाळ्यात, एकाच विषयावर निघाले होते. १९३६ च्या जून महिन्यात डिस्नेचा 'मूव्हिंग डे' आला. त्यात घरभाडे थकलेले मिकी आणि डोनाल्ड जप्ती येण्याआधी आपले सामान बाहेर काढण्याची धडपड करतात, आणि त्यांच्या मदतीला आलेल्या गूफीला एक पियानो अक्षरशः वेड लावतो : गूफीने पाठ फिरवली की पियानो गाडीतून उतरून घरात परत येतो. हा चित्रपट रंगीत होता. त्यानंतर साधारण महिन्याभराने, जुलैमध्ये, फ्लायशर स्टुडिओचा 'लेट्स गेट मूव्हिंग' हा कृष्णधवल चित्रपट आला. त्यात घर बदलणारी बाई म्हणजे ऑलिव्ह ऑईल, सामान हलवण्याचा धंदा करणारा गडी म्हणजे ब्लूटो, आणि मदतीस टपकणारा दुसरा म्हणजे पॉपाय. झुंजणारे दोघे आपल्याला या दुसऱ्या चित्रपटातून आठवतात आणि हट्टी पियानो पहिल्यातून.

दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर एक फरक ठळकपणे जाणवतो. डिस्नेच्या चित्रपटात माणूस आणि वस्तू यांची लढाई आहे. पियानोला जणू स्वतःची इच्छा आहे आणि तो निघायला तयार नाही. फ्लायशरकडे वस्तूला इच्छा नसते. तेथे लढाई माणसा-माणसांत आहे आणि वस्तू हे तिचे हत्यार, तिची ढाल आणि तिचा गुणफलकही आहे. याच वंशातील तिसरे उदाहरण त्याआधीचे, १९३२ चे, लॉरेल आणि हार्डी यांच्या 'द म्युझिक बॉक्स' या लघुपटाचे. तेथे दोन भागीदार एक पियानो लांबलचक जिन्यावरून चढवतात. हे हाडामांसाचे नट असलेले चित्रण आहे, व्यंगचित्रपट नव्हे. विनोदी लघुपटासाठीचे पहिले ऑस्कर पारितोषिक त्याच चित्रपटाला मिळाले. चार वर्षांनी पियानो उचलायला निघालेल्या व्यंगचित्रकारांना आपले प्रेक्षक हे दृश्य मोठ्या पडद्यावर पाहून आलेले आहेत याची पुरेपूर जाणीव असणार.

प्रश्न : घर बदलणे हा इतका विनोदाचा विषय का वाटला असावा? आम्हाला तर ते कटकटीचे काम वाटते.

उत्तर : कटकटीचे आहे म्हणूनच. परंतु त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ती केवळ एखाद्या कुटुंबाची कटकट नव्हती, तो शहराचा वार्षिक सोहळा होता. त्या शहरात घरभाड्याचे करार बहुतांशी एकाच दिवशी, १ मे रोजी सकाळी नऊ वाजता संपत. जुने बिऱ्हाड निघून नवे यायचे, आणि नवे ज्या घरातून निघाले तेथे तिसरे शिरायचे. त्यामुळे त्या एका दिवशी रस्तोरस्ती गाद्या, आरसे, कपाटे आणि पिंजऱ्यातले पक्षी लादलेल्या गाड्यांची अशी कोंडी होई की, १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासवर्णनात इंग्लिश लेखिकेने या दृश्याची तुलना प्लेगच्या भीतीने पळत सुटलेल्या गावाशी केली आहे. गाडीवाले त्या दिवशी मागतील तो दर घेत, आणि अडलेला भाडेकरू तो देत असे. पुढे उन्हाळा शहराबाहेर घालवून परतणाऱ्या कुटुंबांमुळे १ ऑक्टोबर ही दुसरी तारीखही रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सामान हलवणारे गडी सैन्यात गेले, घरांची टंचाई झाली, भाडेनियंत्रण आले, आणि ही प्रथा मावळली.

आता लक्षात घ्यावे की फ्लायशर स्टुडिओ हॉलिवूडमध्ये नव्हता. तो न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेवरील १६०० क्रमांकाच्या इमारतीत होता. १९३८ साली तो फ्लोरिडातील मायामीला गेला, म्हणजे त्याने स्वतःही एकदा मोठे बिऱ्हाड हलवलेच. १९३६ साली तेथे काम करणारी चित्रकार मंडळी त्याच शहराच्या भाड्याच्या घरांत राहणारी होती. अरुंद जिने, रस्त्याच्या बाजूने लोखंडी आगजिने उतरलेल्या अनेक मजली इमारती, खिडकीतून कप्पी लावून उतरवलेले अवजड सामान, हे त्यांना कल्पनेतून आणावे लागत नव्हते. जिन्यात न मावणारा पियानो वरच्या खिडकीतून दोराने लोंबकळत खाली येणे हे तेथील खरेखुरे दृश्य होते. पडद्यावर माणसाच्या डोक्यावर पियानो पडतो तेव्हा आपण त्याला कार्टूनची अतिशयोक्ती समजतो, पण त्या प्रेक्षकाने दोराखालून जाताना आधी वर पाहण्याची सवय स्वतःला लावून घेतलेली होती.

त्यात मंदीची वर्षे. भाडे थकल्यामुळे ज्यांचे सामान पदपथावर आले अशी कुटुंबे त्या दशकात नेहमी दिसत, आणि डिस्नेच्या चित्रपटात तर कथेची सुरुवातच थकलेल्या भाड्यापासून होते. फ्लायशरच्या चित्रपटात हे दुःख समोर आणलेले नाही. तरीही पदपथावर मांडलेला उघडा संसार पाहून हसताना त्या काळच्या माणसाला थोडे चरकल्यासारखे झाले नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : मी ॲनिमेशन शिकतो. एकच कपाट एका क्षणी जड आणि दुसऱ्या क्षणी हलके दिसते, हे जुने लोक कसे साधत? आमच्या वर्गात काढलेली सगळी ओझी पुठ्ठ्याची वाटतात.

उत्तर : आपल्या प्रश्नात या चित्रपटांचे सगळे कसब दडलेले आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

वजन हे चित्रात काढता येत नाही, ते उचलणाऱ्याच्या शरीरात काढावे लागते. कपाटाची रेघ कितीही जाड केली तरी कपाट जड होत नाही. ते जड होते ते उचलण्यापूर्वी गडी गुडघ्यांत किती वाकतो, पाय किती फाकवतो, पहिला झटका निष्फळ जातो की नाही, आणि उचलल्यावर त्याची पावले किती आखूड पडतात यावरून. खाली ठेवतानाही तेच. वस्तू टेकल्यावर गड्याचे खांदे किती वर येतात, जमीन थरथरते का, शेजारची फुलदाणी किंचित उडते का, हे बारकावे प्रेक्षकाचा डोळा मोजत असतो, मन मोजत नसले तरी. आपल्या वर्गातील ओझी पुठ्ठ्याची वाटतात याचे कारण बहुधा हे असावे की ओझे आणि माणूस एकाच क्षणी हलतात. खऱ्या आयुष्यात माणूस आधी हलतो, मग ताणला जातो, आणि ओझे नाइलाजाने मागाहून येते.

स्पर्धेच्या चित्रपटात यापुढची एक अडचण असते. दोघांपैकी एकाने उचललेली वस्तू आधी खरोखर जड ठरली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याने ती एका हाताने उचलल्याची गंमत उरत नाही. म्हणून अशा प्रसंगात पहिली उचल प्रामाणिक असते : दमछाक दिसते, पाठ वाकते, 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण चित्रात उतरल्यासारखी वाटते. एकदा वजन सिद्ध झाले की ते मोडायला कलावंत मोकळा होतो. दुसरा गडी तीच वस्तू, वर आणखी दोन वस्तू आणि त्यांवर एक खुर्ची घेऊन शीळ घालत जातो. तिसऱ्या फेरीत प्रेक्षक वजन विसरलेला असतो, आणि नेमके तेव्हाच ते परत आणून कोणाच्या तरी पायावर आपटायचे असते. नियम आधी पाळायचा, मग मोडायचा आणि नको त्या वेळी पुन्हा लागू करायचा, या क्रमात फेरफार केला की विनोद कोसळतो. आपण स्वतः करून पाहावे.

मेहनतीचा हिशेब सांगतो. पडद्यावर दर सेकंदाला २४ चौकटी जातात. सहा मिनिटांच्या चित्रपटात ८,६४० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची प्रथा धरली तरी एका पात्रासाठी चार हजारांवर चित्रे लागतात, आणि येथे दोन गडी, एक बाई आणि हलते सामान आहे. ही चित्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवून, मागच्या बाजूने रंगवून, स्थिर पार्श्वभूमीवर एकावर एक ठेवली जात. पार्श्वभूमी एकदाच रंगवलेली असे, आणि हलणारी वस्तू वेगळ्या पानावर. म्हणूनच जाणकार डोळ्याला खोलीतील कोणती खुर्ची आता उडणार आहे हे आधीच कळते : तिची छटा मागच्या सामानापेक्षा किंचित निराळी असते. काही चित्रपटांत फ्लायशर मंडळींनी चित्रित पार्श्वभूमीऐवजी टेबलावर बसवलेले, फिरवता येणारे छोटे देखावे वापरले. त्यांपुढे उभ्या केलेल्या सेल्युलॉइडच्या पानांमुळे रस्ता खरोखरच मागे सरकतोय असे वाटते.

पियानोचा हट्ट का, असेही आपण पुढे विचारले आहे. उभ्या पियानोचे वजन सर्वसाधारणपणे दोनशे ते तीनशे किलो असते, कारण आतल्या तारांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो आणि तो सोसायला ओतीव लोखंडाची चौकट लागते. बाहेरून मात्र तो दिवाणखान्यातील नाजूक, पॉलिश केलेली, जिवापाड जपलेली वस्तू. एवढे वजन आणि एवढी नजाकत एकत्र असलेली वस्तू घरात दुसरी नसते. शिवाय त्याला मारले की तो बोलतो. मूक कपाट पडले तर एकच आवाज होतो. पियानो जिन्याच्या प्रत्येक पायरीवर निराळा सूर देतो, आणि संगीतकाराला आयते काम मिळते.

आवाजाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्लायशरकडे त्या वर्षांत संवाद बहुधा चित्रे पूर्ण झाल्यावर ध्वनिमुद्रित करीत, तर डिस्नेकडे आवाज आधी आणि चित्रे नंतर असत. त्यामुळे पॉपायचा आवाज देणारे जॅक मर्सर पडद्यावर चाललेली धडपड पाहता पाहता, पात्राचे ओठ हलत नसतानाही, पुटपुटत जात, आणि ती पुटपुट चित्रपटात तशीच राही. ओझे उचलताना माणूस स्वतःशी जे बोलतो ते इतके हुबेहूब क्वचितच टिपले गेले असेल. मर्सर मुळात त्याच स्टुडिओतील कला विभागात काम करीत. ब्लूटोला त्या काळात गस विकी यांचा खर्जातला आवाज होता आणि ऑलिव्हला मे क्वेस्टेल यांचा; त्याच बाईंनी फ्लायशरच्या बेटी बूप या नायिकेलाही आवाज दिला होता.

प्रश्न : मला या चित्रपटांत हसू येत नाही. दोन पुरुष बळाचे प्रदर्शन करतात आणि बाई बक्षिसासारखी उभी असते. तिचे मत कोणी विचारतच नाही. यात कौतुक कसले?

उत्तर : आपला आक्षेप बराचसा मान्य आहे, आणि तरीही आम्हाला वाटते की याच ठिकाणी 'लेट्स गेट मूव्हिंग' हा चित्रपट आपल्या समजुतीपेक्षा जास्त शहाणा आहे. तेथे ऑलिव्ह केवळ दोघांची आवडती नाही. ती गिऱ्हाईक आहे. तिला काय हवे आहे? सामान एका घरातून दुसऱ्या घरात, शक्यतो अखंड, पोहोचावे. दोघा गड्यांना काय हवे आहे? आपण उचलताना तिने पाहावे. या दोन अपेक्षांत जे अंतर आहे त्यातून सगळा विनोद निघतो. काम नीट झाले तर कोणाचेच लक्ष जाणार नाही, कारण व्यवस्थित बांधलेले आणि शांतपणे गाडीत ठेवलेले कपाट पाहून कोणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून प्रत्येक जण काम असे करतो की ते दिसावे, आणि दिसण्याजोगे काम हे नेहमीच मोडतोडीच्या जवळ असते.

सामान हलवण्याचे काम मुळात दोघांचे आहे, हे ज्याने एकदा तरी कपाट जिन्यावरून उतरवले असेल त्याला सांगायला नको. जिन्यावर खालच्या बाजूचा माणूस अधिक भार घेतो, वरचा दिशा सांभाळतो, वळणावर एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने फिरायचे असते. दोघांच्या शब्दाला शब्द जुळला नाही तर भिंतीचा गिलावा जातो किंवा बोटे जातात. व्यवसायातील माणसे यासाठी खांद्यावरून घ्यायचे पट्टे, जाड घोंगड्या आणि चाकांची फळी वापरतात, आणि त्यांचे बोलणे 'घे', 'थांब', 'सोड' एवढेच असते. अशा, सहकार्यावाचून होऊच न शकणाऱ्या कामात प्रतिस्पर्धी आणून सोडायचे ही कल्पनाच मोठी खट्याळ आहे. कुस्ती किंवा शर्यत यांत स्पर्धा शोभते. कपाटाच्या दोन टोकांना दोन प्रतिस्पर्धी लावले की कपाट त्यांच्या भांडणाचा दोर होऊन बसते. आपल्याकडे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात; येथे दोघांच्या भांडणात तिसरीचा तोटा होतो आणि त्याची भरपाई म्हणून तिला दोघांचे कौतुक करावे लागते.

फ्लायशर मंडळींना हे सूत्र इतके आवडले की त्यांनी ते जवळजवळ प्रत्येक धंद्याला लावून पाहिले. १९३७ च्या 'द पेनलेस विंडो वॉशर'मध्ये खिडक्या पुसणारा ब्लूटो गिऱ्हाईक मिळवण्यासाठी आधी स्वतःच खिडक्यांवर चिखल उडवतो. त्याच वर्षीच्या 'हॉस्पिटॅलिकी'मध्ये तर सूत्र पुरते उलटे झाले आहे : ऑलिव्ह परिचारिका आहे, तिची शुश्रूषा मिळावी म्हणून दोघे जखमी होण्याची स्पर्धा करतात, आणि काही केल्या लागत नाही असे पाहून पॉपाय अखेर एरवी स्वतःला बळ देणारी पालकाची भाजी ब्लूटोलाच खाऊ घालतो, म्हणजे मार चांगला बसेल. स्पर्धेचे बक्षीस कितीही बदलले तरी गिऱ्हाईकाचे काम मागे पडायचे ते पडतेच.

ऑलिव्हच्या बाजूने आणखी एक नोंद करावीशी वाटते. ई. सी. सेगर यांच्या 'थिम्बल थिएटर' या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत ती १९१९ पासून आहे. पॉपाय तेथे १७ जानेवारी १९२९ रोजी, म्हणजे ती आल्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळाने, एका प्रवासासाठी भाड्याने घेतलेला खलाशी म्हणून आला. त्याआधी तिचा हॅम ग्रेव्ही नावाचा मित्र होता. कागदावरची ती ऑलिव्ह तिखट, हट्टी आणि कोणालाही सुनावणारी आहे. पडद्यावर येताना तिच्यातील बरेच तिखट कमी झाले, हा आपला आक्षेप तेथे पूर्णपणे लागू पडतो आणि आम्ही त्याचा बचाव करणार नाही.

प्रश्न : पालकाचा डबा शेवटीच का निघतो? आधीच खाल्ला असता तर सामान तरी वाचले असते.

उत्तर : सामान वाचले असते, पण चित्रपट दुसऱ्याच मिनिटाला संपला असता. पालक हे स्पर्धा जिंकण्याचे साधन नसून ती रद्द करण्याचे साधन आहे. त्याआधी दोघे थोड्याफार फरकाने समान असतात, म्हणूनच तुलना चालू राहते. डबा उघडल्यावर तुलनाच उरत नाही. चित्रमालिकेत तर आरंभी पालकही नव्हता. १९२९ साली पॉपायला बळ मिळाले ते बर्निस नावाच्या एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावर हात फिरवून. पालकाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुख्यतः १९३३ पासून निघालेल्या या चित्रपटांनी, आणि १९३७ साली टेक्सासमधील क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने पॉपायचा पुतळाही उभारला. कोंबडी घेऊन सामान उचलणे अवघड गेले असते. डबा खिशात मावतो.

प्रश्न : ब्लूटो आणि ब्रूटस हे दोघे भाऊ आहेत का?

उत्तर : नाहीत, तो एकच धटिंगण दोन नावांनी वावरला. १९६० ते १९६२ या काळात दूरदर्शनसाठी नवे भाग काढताना ब्लूटो या नावाचा हक्क चित्रपट कंपनी पॅरामाउंटकडे आहे अशी समजूत झाली आणि त्याला ब्रूटस केले गेले. वास्तविक ब्लूटो हा मूळच्या चित्रमालिकेत १९३२ सालीच येऊन गेला होता, आणि तोही एकाच कथानकापुरता खलनायक म्हणून. त्याला कायमचा प्रतिस्पर्धी बनवले ते फ्लायशर स्टुडिओने.

प्रश्न : आमच्या हौशी गटाला याच पात्रांवर सामान हलवण्याची एक नवी गोष्ट रचून छोटी चित्रफीत काढायची आहे. पॉपाय आता सर्वांना मोकळा झाला असे ऐकतो. ते खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि आपल्या कथेच्या दृष्टीने ते अर्धेपण मोठे गमतीचे आहे. आम्ही येथे फक्त अमेरिकेतील नियम सांगतो. इतरत्र संरक्षणाची मुदत निराळी असते आणि चित्रफीत जेथे दाखवायची तेथील नियम आपण तपासून घ्यावेत. अमेरिकेत त्या काळच्या, हक्कांचे नूतनीकरण झालेल्या प्रकाशनांना ९५ वर्षांचे संरक्षण आहे आणि ते त्या वर्षाच्या अखेरीस संपते. त्यामुळे १९२९ च्या चित्रमालिकेतील पॉपाय १ जानेवारी २०२५ पासून मोकळा झाला. ऑलिव्ह १९१९ ची असल्यामुळे त्याच्या कितीतरी आधीपासून मोकळी आहे. म्हणजे आपल्याला गिऱ्हाईक मिळाले आणि एक गडी मिळाला. गडी मात्र १९२९ चा घ्यावा लागेल : एक डोळा मिटलेला, चिलीम तोंडात धरलेला, भांडखोर खलाशी. पुढील वर्षांत त्याच्यात जे भरले गेले ते ज्या त्या वर्षाच्या हिशेबाने पाहावे लागेल. चित्रपटांतील त्याचे गाणे १९३३ चे आहे, आणि 'लेट्स गेट मूव्हिंग' हा चित्रपट स्वतः १९३६ चा असल्यामुळे त्याचा हिशेब २०३१ च्या अखेरीपर्यंत जातो. शिवाय पात्राच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क निराळा असतो. तो मुदतीने संपत नाही, तेव्हा शीर्षकात आणि जाहिरातीत नाव कसे वापरता याची काळजी घ्यावी.

राहिला प्रतिस्पर्धी. ब्लूटो १९३२ चा. याच हिशेबाने त्याची पाळी १ जानेवारी २०२८ रोजी येते. तोवर कपाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा करण्यासाठी आपल्याला स्वतःचाच एखादा धटिंगण घडवावा लागेल, आणि आमची सूचना अशी की त्याला पॉपायपेक्षा थोडे अधिक चांगले काम येत असावे.